पालिकेची मारबत

आमच्या नगरपालिकेचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर चूळ भरावी लागेल. नागपूरच्या शिवेला चिकटलेलं ते गाव. उमरेडच्या एसट्या तिथे क्षणभर थांबायच्या, धूर सोडायच्या आणि पुढे जायच्या. तिथल्या पालिकेच्या प्राथमिक शाळेत मी हयात घालवली. पगार पालिकेचा खाल्ला आणि शिव्याही पालिकेलाच दिल्या, दोन्हीत कधी खंड पडू दिला नाही. पण हे माझं पुराण नव्हे. हे कवडूचं आहे.

कवडू आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला राहायचा. त्याच्या आधीची भावंडं जन्मली तशी एकामागून एक गेली, म्हणून आईनं हा जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीला विकला आणि तिच्याकडून पुन्हा मागून घेतला. विकलेल्या पोरावर यमाचा हक्क राहत नाही, असा आमच्याकडचा समज. असे कवडू आमच्या भागात गल्लोगल्ली सापडतात. हा कवडू बांबूचं काम करायचा. सुपं, टोपल्या, दुरड्या. गावातल्या लग्नाला सूप लागलं की ते त्याच्याच हातचं. हात देखणा होता आणि तो देखणा आहे हे त्याला जरा जास्तच माहीत होतं. मी एकदा सहज म्हटलं, "कवडूभाऊ, सूप बरं झालंय." त्या 'बरं'वर हा माणूस असा गाल फुगवून बसला की पुढचं सूप मला नागपूरहून आणावं लागलं. त्याची बायको देवकी येऊन सांगून गेली, "बाई, त्याइले 'बरं' म्हनू नका. 'झकास' म्हना. म्हनायले का पैसे पडतात?"

सुपं-टोपल्या हे त्याचं पोट होतं. जीव होता तो बडग्यात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, तशी ती आमच्या गावातही निघायची. मारबत म्हणजे बाईचा मोठा थोरला पुतळा. गावाची रोगराई, इडापिडा तिच्या अंगावर घालायची, "घेऊन जाय गे मारबत" असं बेंबीच्या देठापासून ओरडत तिला शिवेपार न्यायचं आणि जाळायचं. आमच्या गावचा नेम असा, की तिला एकदा जाळ लागला की कुणी हात लावायचा नाही आणि राख झाली की मागे न बघता घरी यायचं. तिच्याबरोबर बडग्या निघतो. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. गावाचा ज्याच्यावर राग असेल त्याचा. महागाईचा, काळ्या बाजाराचा, एखाद्या पुढाऱ्याचा. वर्षभर तोंड दाबून बसलेलं गाव त्या एका दिवशी मन मोकळं करून घेतं.

हा बडग्या दरवर्षी कवडू करायचा. दुष्काळाच्या साली, म्हणजे बहात्तरला, त्यानं नळाचा बडग्या केला. पोटाच्या जागी भला मोठा नळ, नळाच्या तोंडात कोळ्याचं जाळं, डोक्यावर पांढरी टोपी आणि खाली हुबेहूब नगराध्यक्षांच्या मिशा. गाव पोट धरधरून हसलं. नगराध्यक्ष मधुसूदनरावही हसले. त्यांनी कवडूच्या पाठीवर थाप मारली, "कलावंत आहेस बेट्या!" म्हणाले, आणि दिवाळीच्या आत बाजारातला कवडूचा ओटा काढून घेतला. नियमाप्रमाणे. तेव्हापासून कवडू रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसायचा. एसटी आली की सुपांवर चिखल उडायचा.

या मधुसूदनरावांबद्दल सांगितलं पाहिजे. माणूस शिकलेला, वकिलीची पदवी असलेला. धोतर परीटघडीचं, रुमालाला अत्तर, आणि भाषणात दर दोन वाक्यांमागे 'विज्ञान'. कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यात आधी पोचायचे आणि सगळ्यात आधी निघायचे. इतका स्वच्छ माणूस मी पाहिला नाही आणि इतकी किळस मला दुसऱ्या कुणाची आली नाही.

त्र्याहत्तरच्या श्रावणात गावात हैजा, म्हणजे कॉलरा, शिरला. इंडोनेशियाकडून निघालेला हा हैजा दहा-बारा वर्षं देशोदेशी फिरतो आहे, असं पेपरात यायचं. आम्ही ते भज्यांच्या पुड्यावर वाचायचो आणि पुडा फेकून द्यायचो. जगाची साथ ती जगाला, आपलं काय! मग खालच्या वस्तीतला हमाल धोंडबा सकाळी ढाळ-वांत्यांनी आडवा झाला आणि दिवेलागणीला गेला. त्याच्या मागोमाग त्याची म्हातारी गेली. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं.

पालिकेनं तातडीची सभा बोलावली. तिथे दुपारभर खल झाला तो हैज्याला हैजा म्हणायचं की नाही यावर. हैजा म्हटलं की आठवड्याचा बाजार बंद करावा लागणार, बाजार बंद तर व्यापारी नाराज, आणि व्यापारी नाराज तर पुढची निवडणूक कुणाच्या जिवावर लढवायची? म्हणून ठराव झाला की गावात साथ नाही, काही नागरिकांना अपचन झालं आहे. अपचन! धोंडबाच्या घरी आदल्या दिवशी चूल पेटली नव्हती. काय खाऊन त्याला अपचन झालं, हे त्या सभेतल्या एकानं तरी विचारावं? पण सगळ्यांनी हात वर केले आणि चहा प्याले.

लस टोचायचा कँप ठेवला, तोही पालिकेच्या कचेरीत. टोचून घेतलं की दंड सुजतो, ताप येतो, हातावर पोट असलेल्याची मजुरी बुडते. कोण येणार? आरोग्य निरीक्षक केशव सुई घेऊन दिवसभर माशा मारत बसायचा आणि संध्याकाळी "लोकांत जागृती नाही" असं म्हणत सायकलवर टांग मारायचा. वस्तीत जाऊन टोचा, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "बाई, तसा आदेश नाही."

आणि मग मधुसूदनरावांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली.

ते स्वतः चालत कवडूच्या अंगणात आले. नाकाला अत्तराचा रुमाल. मी शाळेच्या मागच्या दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"कवडू, लोक टोचायला येत नाहीत, पण मारबतीला येतात. यंदा मारबत पालिका काढणार. अशी मोठी कर, की नागपूरचे साहेब लोक बघायला आले पाहिजेत."

"करतो न जी," कवडू म्हणाला. त्याचे डोळे तेवढ्यातच चमकायला लागले होते.

"आणि पोटात या वेळी गवत भरायचं नाही. ज्या ज्या घरी आजारी माणूस आहे, त्याचं अंथरूण, पांघरूण, कपडे, सगळं पालिका गोळा करील. ते भरायचं आणि जाळायचं. गावाची घाण एकदम बाहेर! विज्ञानही झालं आणि परंपराही झाली."

आता खरं म्हणजे हैज्याच्या रोग्याचं अंथरूण तिथल्या तिथे जाळायचं किंवा उकळायचं, एवढं तर शाळेतल्या आरोग्याच्या धड्यातही होतं. ते पोळ्यापर्यंत साठवून ठेवायचं, हे फक्त आमच्या पालिकेलाच सुचू शकतं. कवडूला मात्र एकच शंका आली, आणि ती त्यानं विचारली.

"साहेब, शिवेपार न्याव लागन. आन त्याच दिवशी जाळाव लागन. पीडा वेशीत ठिवता येत नाही."

"अरे, नेऊ ना. माझा शब्द आहे. आणि तुझा ओटा… त्याचंही बघू."

मधुसूदनराव गेल्यावर देवकी दारात आली. "आवो, मेलेल्याइचे फडके घरात आनून राहिले का तुमी?"

"घरात नाही वं. शाळेत ठिवतो म्हनले साहेब."

"शाळेत काहून? तिथं लेकरं बसत नाही का?"

 कवडू मनातल्या मनात मारबतीचं नाक काढत होता. देवकीनं कपाळावर हात मारला. "ओटा दाखवला का लागले नाचायले," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

अशा रीतीनं माझा तिसरीचा वर्ग पालिकेनं घेतला. पोरांना सुट्टी, आणि पोरं बसायची त्या पट्ट्यांवर गोधड्यांची, लुगड्यांची, लंगोटांची गाठोडी. मी ते वर्णन करणार नाही.  खिडकीच्या गजांवर माशा अशा बसायच्या की गज दिसायचे नाहीत. मी कचेरीत जाऊन मधुसूदनरावांना म्हटलं, हे आजच जाळा. ते गोड हसले. "शोभाताई, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. नाही तरी पोरं शाळेत येतात कुठे?"

आणि त्या घाणीत कवडू काम करत होता. बांबूचा सांगाडा शाळेच्या पटांगणात उभा राहिला, त्याच्या पोटात तो गाठोडी कोंबायचा, राखेनं हात घासायचा आणि तोंड रंगवायला बसायचा. मला हाक मारायचा, "बाई, डोये कसे दिसून राहिले?"

"डोळे राहू दे, आधी साबणानं हात धू."

"धुतो न बाई. पन डोये?"

डोळे भयंकर होते. मी "झकास" म्हटलं. तो लहान पोरासारखा हसला. इतका मूर्ख माणूस, इतका गुणी माणूस! दोन्हींचा राग यायचा.

मारबतीचा दिवस उजाडला तो आभाळ घेऊन. तरी गाव लोटलं. पुढे बँड, बँडच्या पुढे मधुसूदनराव, मागे बैलगाडीवर ती प्रचंड बाई. बायका घराघरांतून येऊन फुटकी मडकी, जुने खराटे तिच्या गाडीवर टाकत होत्या आणि आपापल्या घरातला आजार घेऊन जा म्हणून ओरडत होत्या. ज्यांच्या घरी माणूस गेलं होतं त्या नुसत्याच उभ्या होत्या. नागपूरहून एक मोठे अधिकारी जीपनं आले होते. घोडं अडलं ते या जीपवर. शिवेकडचा रस्ता म्हणजे नुसता चिखल, तिथे जीप रुतणार, साहेबांचे बूट भरणार. म्हणून मिरवणूक पंपघराच्या मैदानात थांबवली. तिथे फरशी होती, शामियाना होता, खुर्च्या होत्या. आणि तिथेच ती विहीर होती, जिचं पाणी पंपानं टाकीत चढून साऱ्या गावाच्या नळांना जायचं.

कवडू गाडीमागून धावत आला. "साहेब, शीव तं पुढं हाय."

"अरे, मानली तर शीव," मधुसूदनराव हळू आवाजात म्हणाले. "साहेब थांबलेत. गडबड करू नकोस."

भाषण झालं. विज्ञान झालं. परंपरा झाली. साहेबांनी गाडीसकटच तिला पलिता लावला, फोटो निघाला, आणि फोटो निघतो न निघतो तोच पाऊस आला. साधासुधा नाही, धो धो. मारबतीचं तोंड आणि हात तेवढे जळाले होते. पोटापर्यंत जाळ पोचलाच नाही. साहेब जीपमध्ये शिरले, पाहुणे कचेरीकडे पळाले, कारण तिकडे आलुबोंड्यांचा घाणा निघाला होता. मैदानात उरली ती अर्धवट जळलेली मारबत. तिचं पोट फाटलं, गोधड्या बाहेर लोंबल्या, आणि त्यांच्यातून निथळलेलं काळं पाणी फरशीवरून सरळ विहिरीकडे वाहायला लागलं. विहिरीचा कठडा त्या बाजूनं फुटका होता. तो दुरुस्त करायचा ठराव पालिकेनं कधीचाच केला होता.

कवडूनं ते पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "चाला गा, धरा!" तो दुकानांच्या वळचणीला उभ्या असलेल्या लोकांना ओरडला. "शिवेपार ओढू हिले. विहिरीत उतरून राहिली पीडा!"

कुणी हललं नाही. जाळ लागलेल्या मारबतीला हात लावायचा नसतो. गाडीवानानं बैल केव्हाच सोडून नेले होते. केशव निरीक्षक छत्री धरून उभा होता, तो म्हणाला, "हे उत्सवात येतं. आरोग्यात येत नाही."

कवडू कचेरीकडे धावला आणि त्याच्यामागे मी. मधुसूदनराव साहेबांना चटणी वाढत होते. कवडू दारातच भिजत उभा राहिला, आत जायची त्याची हिंमत होईना. मी बाहेरूनच मोठ्यानं सांगितलं की ती घाण विहिरीत चालली आहे, माणसं द्या. मधुसूदनराव दाराशी आले.

"अहो, पण जाळ लागल्यावर हात लावत नाहीत ना? लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

"मग उद्या पंप तरी बंद ठेवा."

"सणासुदीला पाणी बंद? उद्या लोक म्हणतील, गावात हैजा आहे." आणि त्यांनी बशी पुढे केली. "घ्या, शोभाताई. गरम आहेत."

 त्या बशीतल्या तेलाचा वास आणि मैदानातल्या त्या गोधड्यांचा वास माझ्या नाकात एक झाला होता. कवडू मैदानाकडे परत फिरला.

मैदानात देवकी एकटी उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला होता. "काहून पाहून राहिले?" ती नवऱ्यावर ओरडली. "गाव काई येत नाही. धरा तिकडून!" दोघांनी गाडीचं जू खांद्यावर घेतलं. मी मागून लोटायला लागले. चाक रुतायचं, निघायचं, पुन्हा रुतायचं. मारबतीच्या पोटातलं गाठोडं सुटून देवकीच्या पाठीवर पडलं, तिनं ते पायानं गाडीखाली न लोटता पुन्हा वर टाकलं, कारण रस्त्यात सोडून चालणार नव्हतं. वळचणीखालचं सारं गाव बघत होतं. काही बायकांनी डोळे मिटून घेतले. आम्ही ती धिंड शिवेपार नेली आणि पाऊस उघडल्यावर माझ्या स्टोव्हचं सगळं रॉकेल ओतून जाळली.

पण विहिरीत जायचं ते गेलं होतं. सकाळी पंप सुरू झाला, नेहमीच्या वेळी. पाणी भरू नका म्हणून आम्ही नळानळावर जाऊन बोंबललो. काहींनी भांडी पालथी केली, बाकीच्यांनी भरून नेली.

मग हैजा खालच्या वस्तीत राहिला नाही. बाजारात आला, सोनारगल्लीत आला, पालिकेच्या सभासदांच्या घरी आला. तेव्हा कुठे त्याला नाव मिळालं. नागपूरहून डॉक्टरांच्या गाड्या आल्या, विहिरीत औषध पडलं, टँकर लागले, टोचणारी माणसं दारोदार फिरली. जे श्रावणात करायचं ते भादव्यात झालं, आणि मधल्या काळात माणसं मेली. देवकीही पडली. कवडूनं तिला एसटीत घालून नागपूरच्या दवाखान्यात नेलं. ती सलाईनवर जगली. परत आली ती चिपाडासारखी होऊन.

साथ ओसरल्यावर बाजारचौकात सभा झाली. लोक भडकले होते. कुसुमताईचा कर्ता मुलगा गेला होता, ती बाई पुढे येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मारबत विहिरीपाशी काहून जाळली? सांगा!"

मधुसूदनराव उठले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज अगदी ओला.

"मी विज्ञान मानणारा माणूस आहे. पण लोकभावना मी पायदळी तुडवत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की जाळ लागलेल्या मारबतीला हात कुणी लावला? गावानं एकदा टाकलेली पीडा कुणी उचलली, खांद्यावर घेतली आणि गावातल्या रस्त्यानं फिरवली? गावाचा नेम कुणी मोडला?"

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना कवडूकडे वळल्या. मी पाहत होते. मघापर्यंत मधुसूदनरावांना खाऊ की गिळू करणारे तेच डोळे.

मी उभी राहिले. ओरडून म्हटलं, "मीही गाडी लोटली. माझंही नाव घ्या!" मधुसूदनराव समजुतीनं हसले. "शोभाताई भावनेच्या भरात बोलतायत. शिकलेल्या बाई आहेत, त्यांचा हेतू चांगला होता." म्हणजे मी शिकलेली, म्हणून माझा हेतू चांगला, आणि कवडूचा हात लागला की रोगराई! माझं नाव त्या गावानं कधीच घेतलं नाही. मला मिळालेल्या त्या माफीची मला आजही शिसारी येते.

त्या लग्नसराईत गावानं सुपं उमरेडहून आणली. कवडूच्या गोणपाटापाशी कुणी थांबेना. देवकी पाण्याला गेली की बायका घागरी आवरून बाजूला व्हायच्या. ज्यांच्या नळावर कवडू-देवकीनं त्या दिवशी बोंब मारली होती आणि ज्या भांडी पालथी करून वाचल्या होत्या, त्याही व्हायच्या. कुसुमताई तर त्याच्या दारावरून जाताना तोंडावर पदर घ्यायची. कवडू आता गाल फुगवून बसत नसे. कुणी सुपाला नाव ठेवलं असतं तरी तो चिडला नसता. मला त्याच्याबद्दल भीती वाटायला लागली.

पुढच्या पोळ्याची तयारी पालिकेनं लवकर सुरू केली. शिवेकडच्या रस्त्यावर मुरूम पडला, रोलर फिरला. मोरी बांधली. वाळके बांबू आले, रॉकेलचे डबे आले. बडग्या करायला नागपूरहून कारागीर बोलावला. मारबतीच्या दिवशी केशव निरीक्षक शिट्टी घेऊन सगळ्यात पुढे होता.

मिरवणूक कवडूच्या दाराशी येऊन मुद्दाम थांबली, तेव्हा मला बडग्या दिसला. वाकलेली मान, पुढे आलेले खांदे, एका हातात सूप आणि खांद्यावर गाडीचं जू. गळ्यात नावाची पाटी नव्हती. पोरं ओरडत होती, "घेऊन जाय, कवडूले घेऊन जाय!"

कवडू बाहेर आला. पोरं गप्प झाली. त्यानं बडग्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बांबूचे सांधे बोटानं चाचपले, मग गाडीवानाला विचारलं, "कोनं केला गा?"

"नागपूरच्या मानसानं."

"हात चांगला हाय," कवडू म्हणाला.

मिरवणूक पुढे निघाली. कवडू आणि देवकी तिच्या मागे चालू लागले. देवकीच्या डोक्यावर गाठोडं होतं, ते मला तेव्हा दिसलं. मीही चालू लागले. शिवेपार, मुरमाच्या नव्या रस्त्याच्या टोकाला, मारबतीला आणि बडग्याला जाळ लावला. बांबू वाळके, रॉकेल भरपूर, आभाळ निरभ्र. बघता बघता राख झाली. लोक मागे न बघता घराकडे वळले. ही दोघं उभीच.

"कवडूभाऊ, चला घरी," मी म्हटलं.

"बाई, गावानं मले शिवेपार सोडलं. आता वापस गेलो आन उद्या कोनाच्या लेकराले हैजा झाला तं?"

"तुमच्यामुळे होतो का हैजा? विहिरीत काय गेलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाह्यलं न बाई." तो राखेकडे पाहत म्हणाला, "पन हात तं म्याच लावला."

त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. पालिकेनं त्याचा ओटा नेला, धंदा नेला, ते सगळं मी समजू शकले असते. पण हे?  देवकी म्हणाली, "चाला आता. एसटी येईन." तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि ती नवऱ्याला घेऊन उमरेडच्या रस्त्याला लागली.

मी एकटी परत आले. कचेरीच्या पायऱ्यांवर मधुसूदनराव पाहुण्यांना निरोप देत उभे होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी. मला पाहून त्यांनी लांबूनच हात जोडले.

"काय शोभाताई, गेल्या वर्षी तुमची तक्रार होती. यंदा नेली की नाही मारबत शिवेपार?"

मी त्यांच्या चपलांवर थुंकले आणि घरी गेले.